अपूर्णांक न घेणारी चौकट: जीमॅटच्या सराव-ॲपचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

जीमॅटच्या (एमबीएच्या प्रवेशपरीक्षेच्या) सराव-ॲपच्या नूतनीकरणाचा मेसेज आलाय, वर्षाचे अडीच हजार. सांगलीतल्या विश्रामबागच्या आमच्या अभ्यासिकेत बऱ्याच जणांनी विचारलं, "घेऊ का गं हे?" आणि प्रत्येक वेळी माझं उत्तर बदलत गेलं. म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहिते.

ॲप घेतलं ते खर्चाचा हिशोब मांडूनच. पुण्याचा क्लास म्हणजे फी वेगळी, खोलीचं भाडं वेगळं, आणि कुपवाड एमआयडीसीतली नोकरी सोडायची ती वेगळीच. मला अडत होतं ते फक्त डेटा सफिशियन्सीत (दिलेली माहिती उत्तरासाठी पुरेशी आहे का, असे प्रश्न), त्यातही इनइक्वालिटीच्या, म्हणजे मोठं-लहान ठरवायच्या प्रश्नांत. नोव्हेंबर २०२३ मध्ये नवा जीमॅट आला तेव्हापासून हे प्रश्न क्वांटमधून (गणिताच्या विभागातून) उचलून डेटा इनसाइट्स या विभागात टाकलेत. तिथे ४५ मिनिटांत २० प्रश्न, म्हणजे एकाला सव्वादोन मिनिटं. स्क्रीनवर कॅल्क्युलेटर मिळतो, पण या प्रश्नांत तो क्वचितच कामी येतो. उत्तर काढायचंच नसतं, दिलेल्या विधानांवरून एकच ठाम उत्तर निघतं का एवढंच ठरवायचं.

व्हिडिओ बरे आहेत, मॉक टेस्टही बऱ्या. पैसे वसूल होतात ते एका गोष्टीमुळे. 'विधान अपुरं आहे' असं निवडलं की ॲप लगेच बरोबर-चूक सांगत नाही. दोन चौकटी उघडतात. विधान पाळणारी एक किंमत अशी द्या की प्रश्नाचं उत्तर 'हो' येईल, आणि दुसरी अशी द्या की 'नाही' येईल. दोन्ही भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

उदाहरण घ्या. क्ष हा य पेक्षा मोठा आहे का? विधान १: क्ष भागिले य हे १ पेक्षा मोठं आहे. हात आपोआप दोन्ही बाजूंना य ने गुणायला जातो आणि 'पुरेसं' वाटतं. पण य ऋण असेल तर 'पेक्षा मोठं'चं चिन्ह उलटतं. क्ष = ३, य = २ घेतलं तर 'हो'. क्ष = −३, य = −२ घेतलं तर भागाकार तोच दीड, आणि उत्तर 'नाही'. विधान २ मध्ये 'य धन आहे' असेल, तर दोन्ही मिळून पुरेसं, एकेकटं नाही, म्हणजे जीमॅटच्या ठरलेल्या पाच पर्यायांतला (ए ते ई) पर्याय सी. अशा जोड्या स्वतः शोधून भरल्या की चलाने गुणण्याआधी चिन्ह बघायची सवयच लागते. कुठल्याही पुस्तकाने मला ती लावली नव्हती.

आता राग कशाचा ते सांगते. त्या चौकटीत आकडे आणि वजाचं चिन्ह एवढंच टाकता यायचं. ना दशांश चिन्ह, ना अपूर्णांक! प्रश्न होता: क्ष चा वर्ग क्ष पेक्षा मोठा आहे का? विधान १: क्ष धन आहे आणि १ नाही. विधान २: क्ष चा घन क्ष पेक्षा मोठा आहे. पहिल्यात २, ३, १० काहीही घाला, 'हो'च येतं. 'नाही' हवं तर १/२ हवा, कारण त्याचा वर्ग १/४. पूर्णांकांत ती जोडी नाहीच. दुसरं विधान एकटंच पुरेसं आहे: क्ष एकतर १ पेक्षा मोठा, नाहीतर −१ आणि ० यांच्या मधला, आणि दोन्हीकडे उत्तर 'हो'च. उत्तर बी, म्हणजे फक्त दुसरं विधान पुरेसं. ॲपच्या स्पष्टीकरणात चक्क "क्ष = १/२ घ्या" असं लिहिलेलं, आणि त्यांचीच चौकट १/२ घेईना. ० आणि १ च्या मधली जागा हीच तर या प्रश्नांची नेहमीची खोडी!

सपोर्टला लिहिलं. उत्तर आलं, "कृपया ॲप अपडेट करा." केलं, तेच. स्क्रीनशॉट पाठवला, तर इंटरनेट तपासायला सांगितलं. पैसे परत मागितल्यावर मात्र गणित कळणारं कुणीतरी बोलायला आलं. त्या काळात ज्यांनी विचारलं त्यांना मी "घेऊ नका" असंच सांगितलं.

पुढच्या एका अपडेटमध्ये अपूर्णांक आले आणि माझं मत फिरलं. आता उणे एक-तृतीयांशही टाकता येतो. अडकलेले सगळे प्रश्न पुन्हा सोडवले आणि खरंच आनंद झाला.

एक उणीव अजून आहे. 'पुरेसं' निवडलं तर ॲप काहीच विचारत नाही. क्ष हा ५ पेक्षा मोठा आहे का, आणि विधान म्हणतं क्ष चा वर्ग १६ पेक्षा लहान. म्हणजे क्ष −४ आणि ४ यांच्या मधला, उत्तर ठाम 'नाही', आणि ठाम 'नाही' म्हणजेही माहिती पुरेशीच. अभ्यासिकेतली अर्धी मुलं इथे 'अपुरं' म्हणतात. त्यांना ती चौकट वाचवते, कारण 'हो' देणारी किंमत सापडतच नाही. उलट कुणी अंदाजाने 'पुरेसं' दाबलं, तर त्याला पूर्ण गुण आणि कारण द्यायची गरज नाही. तिथे "क्ष कुठून कुठपर्यंत?" एवढं जरी विचारलं असतं तरी काम झालं असतं. हेही कळवलंय.

नूतनीकरण करतेय, पण तीन महिन्यांचंच, साडेआठशे रुपयांचं. परीक्षा ते तीन महिने संपायच्या आधीच आहे, आणि वर्षाचे पैसे आधीच भरले की सपोर्टवाले कसे बोलतात ते बघितलंय. तुम्हाला बँकेच्या परीक्षांसाठी हवं असेल तर मात्र घेऊ नका. तिथे पर्यायांचा क्रम प्रश्नपत्रिकेनुसार बदलू शकतो, आणि या ॲपने जीमॅटचा ठरलेला ए ते ई क्रम इतका अंगवळणी पडतो की तिथे हात चुकीच्या पर्यायावर जाईल.