पावसाळी अंदमान: जोडप्यांसाठीचे 'मॉन्सून पॅकेज' घ्यावे का?

अंदमानचे 'मॉन्सून पॅकेज' म्हणून जोडप्यांना जे विकले जाते, त्यात पावसाळ्यासाठी मुद्दाम केलेले असे काही नसते. हिवाळ्यात चढ्या भावाने विकली जाणारी सहलच जून ते सप्टेंबर या काळात बऱ्याच कमी पैशांत मिळते, इतकेच. पहिली रात्र श्रीविजयपुरम, म्हणजे कालपरवापर्यंतचे पोर्ट ब्लेअर, मग दोन रात्री स्वराज द्वीप, म्हणजे हॅवलॉक, एक रात्र शहीद द्वीप, म्हणजे नील, आणि शेवटची रात्र पुन्हा श्रीविजयपुरम, असा तिचा ठरलेला साचा असतो. आम्ही उभयतांनी लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचे निमित्त साधून जुलैमध्ये ही सहल केली. हॉटेलचे आणि सहल विकणाऱ्या कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण हेच पॅकेज थोड्याफार फरकाने अनेक जण विकतात आणि त्यातील दोषही बहुधा सारखेच असावेत. माझे मत आधीच सांगते. पावसाबद्दल माझी काहीच तक्रार नाही आणि हॉटेलबद्दल फारशी नाही; तक्रार आहे ती आखणीबद्दल. दर ठरवताना पाऊस हिशेबात धरला जातो, वेळापत्रक आखताना मात्र त्याची आठवण कोणालाच राहत नाही.

रत्नागिरीला राहणाऱ्या माणसांनी जुलैचा पाऊस पाहायला अंदमानला कशाला जावे, हा प्रश्न आमच्या घरातही विचारून झाला होता. त्याचे उत्तर असे, की हा पाऊस आणि तो पाऊस एक नव्हे. नैऋत्य मोसमी वारे केरळात १ जूनच्या सुमारास पोहोचतात, पण अंदमानच्या समुद्रात ते मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यातच येतात. 'मॉन्सून अंदमानात दाखल' ही ओळ वर्तमानपत्रात आली की आपल्याकडे पेरणीचे बोलणे सुरू होते, ते यामुळेच. तिथे वर्षाकाठी पाऊस पडतो सुमारे ३००० मिलिमीटर, म्हणजे कोकणापेक्षा फार वेगळा नाही. पण कोकणात जे पाणी चार महिन्यांत कोसळते ते तिथे आधी नैऋत्येच्या आणि मग ईशान्येच्या वाऱ्यांनी मेपासून डिसेंबरपर्यंत वाटून घेतलेले असते. त्यामुळे आमच्याकडच्यासारखी दिवस-दिवस न उघडणारी झड तिथे आम्हाला लागली नाही. तास-दीड तास धो धो पाऊस, मग स्वच्छ उघडीप, मग पुन्हा काळोखी, असेच बहुतेक दिवस गेले. छत्रीचा तसा उपयोग नाही; रेनकोट आणि लवकर वाळणारे कपडे एवढे पुरते. पावसाने आमचा एकही दिवस फुकट घालवला नाही. जो गेला तो वाऱ्याने आणि समुद्राने.

आता बोटीविषयी, कारण या पॅकेजचा सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. श्रीविजयपुरमहून स्वराज द्वीपला जाणाऱ्या खासगी वेगवान बोटी चांगल्या हवेत साधारण दीड-दोन तासांत पोहोचवतात, सरकारी बोट त्याहून जास्त वेळ घेते. खासगी बोटीची केबिन वातानुकूलित आणि बंद असते, आसने विमानासारखी असतात आणि खवळलेल्या समुद्रात नेमकी हीच व्यवस्था अंगावर येते. बाहेरचा वारा लागत नाही, क्षितिज दिसत नाही आणि पुढच्या रांगेत कोणाला एकदा उलटी झाली की मागच्या चार रांगा त्या वाटेने जातात. बोट लागणाऱ्यांनी गोळी निघण्यापूर्वी अर्धा तास घ्यावी, बोटीत बसल्यावर घेऊन काही होत नाही. सरकारी बोटीवर डेकवर उभे राहता येते हे खरे, पण तिच्यावर पहिला हक्क बेटावर राहणाऱ्यांचा मानला जातो, आणि ते योग्यच आहे, कारण त्यांच्यासाठी ती एस.टी. आहे.

बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे वादळी हवेचा इशारा, लागला की काय होते, हे किनाऱ्यावरच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. पावसाळ्यात हा बावटा अंदमानातही वरचेवर लागतो, खासगी कंपन्या फेऱ्या कमी करतात किंवा रद्द करतात, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने त्यांनी तसेच करायला हवे. आमची स्वराज द्वीपहून शहीद द्वीपला जाणारी बोट सकाळी रद्द झाली. बोटीच्या तिकिटाचे पैसे विनातक्रार परत मिळाले. शहीद द्वीपच्या हॉटेलमधल्या रात्रीचे पैसे मात्र आगाऊ भरलेले होते, ते बुडाले, आणि स्वराज द्वीपवर आणखी एक रात्र राहायचे वेगळे पैसे आम्हालाच भरावे लागले. सहल कंपनीच्या मुलीला फोन केला, तेव्हा ती अतिशय आदबीने म्हणाली, "मॅडम, हवामान आपल्या हातात नसतं." मी म्हटले, "हवामान नसेल, पण बुकिंग तर तुमच्याच हातात होतं ना?" यावर तिच्याकडे उत्तर नव्हते, आणि दोष तिचा नव्हताही, कारण करारातील अटींमध्ये 'नैसर्गिक कारणांमुळे न वापरलेल्या सेवेचा परतावा मिळणार नाही' असे वाक्य होतेच. प्रश्न असा आहे, की जी गोष्ट जुलैमध्ये अधूनमधून होणारच, तिला आकस्मिक आपत्ती कसे म्हणावे? तीन बेटे आणि त्यांच्यामधल्या तीन बोटी, आणि त्यातही शेवटची बोट परतीच्या विमानाच्या आदल्याच दिवशी, ही मांडणी डिसेंबरात ठीक आहे. जुलैत ती जुगारासारखी वाटते.

पावसाळ्यातली शहाणी मांडणी सोपी आहे. विमानातून उतरल्यावर हवा बरी असेल तर थेट स्वराज द्वीप गाठावे, तिथे तीन-चार रात्री एकाच हॉटेलात मुक्काम करावा, शहीद द्वीप सोडून द्यावे आणि श्रीविजयपुरमच्या दोन्ही रात्री शेवटी ठेवाव्यात, म्हणजे एखादी बोट चुकली तरी विमान चुकत नाही. नील बेटावरचा खडकाचा नैसर्गिक पूल पाहायचा राहतो, याचे वाईट वाटून घेऊ नये. तो ओहोटीच्या वेळी शेवाळलेल्या खडकांवरून चालत जाऊन पाहायचा असतो आणि पावसात तिथे पाय घसरण्याचीच शक्यता अधिक.

हॉटेल स्वराज द्वीपच्या पूर्व किनाऱ्यावर, विजयनगरच्या बाजूला होते, आणि पावसाळ्यासाठी ही निवड अगदी बरोबर आहे. नैऋत्येचा वारा बेटाच्या पश्चिमेवर आदळतो, पूर्वेकडे पाणी बरेच शांत असते. मात्र ओहोटीला ते इतके आत जाते, की पोहायला निघालेल्या माणसासमोर नुसते खडक आणि मेलेली पोवळी उरतात, तेव्हा पोहायचे असेल तर भरतीची वेळ आदल्या रात्रीच विचारून ठेवावी. खोली म्हणजे उतरत्या छपराची सुटी झोपडी, पुढे व्हरांडा, व्हरांड्यात वेताच्या दोन खुर्च्या. त्या दोन खुर्च्या हेच या पॅकेजमधले सर्वांत मोलाचे कलम, असे मी विचारपूर्वक लिहिते आहे, कारण खोलीत बसून पाऊस पाहणे आणि पावसाच्या हातभर अंतरावर कोरडे बसणे यांत फार फरक असतो. हॉटेल ठरवताना खोलीचे फोटो पाहण्यापेक्षा व्हरांड्याची रुंदी किती आहे ते विचारावे. हातभर रुंदीचा व्हरांडा तिरक्या पावसात निरुपयोगी.

दमटपणावर मात हॉटेलवाल्यांना करता आलेली नाही, पण प्रयत्न प्रामाणिक होता. कपाटात डांबरगोळ्या होत्या, चादरी दोनदा बदलल्या गेल्या, आणि धुतलेले कपडे वाळेनात हे पाहून खोली आवरणाऱ्या मुलाने न मागता इस्त्री आणून दिली. मीठदाणीतून मीठ पडत नव्हते, म्हणून स्वयंपाकघरातून वाटीत वेगळे मीठ येई. संध्याकाळी किनाऱ्यावर बारीक वाळूमाश्या चावतात आणि त्यांची खाज दुसऱ्या दिवशी सुरू होते. याची सूचना मात्र हॉटेलने आधी द्यायला हवी होती.

पॅकेजमध्ये 'कपल स्पेशल सजावट' नावाचे एक कलम होते. टॉवेलच्या घड्यांचे दोन राजहंस, भोवती जास्वंदीच्या पाकळ्या आणि पाकळ्यांनीच लिहिलेले 'हॅपी हनिमून', असे दृश्य पलंगावर पाहून पंचवीस वर्षे संसार केलेल्या आम्हा दोघांना हसू आवरेना. हवेतल्या ओलाव्याने दोन्ही हंसांच्या माना रात्रीपर्यंत खाली आल्या, आणि तेच टॉवेल अंग पुसायला लागणार असल्याने आम्हाला हंस मोडावे लागले. या कलमाचे पैसे वेगळे लावलेले असतील, तर ते बेलाशक वगळावे. समुद्रकिनाऱ्यावरचे मेणबत्तीच्या उजेडातले जेवणही वाऱ्यामुळे किनाऱ्यावर होऊ शकले नाही. ते व्हरांड्यात मांडले गेले आणि माझ्या मते तिथेच ते चांगले झाले.

जेवणाला मी भरभरून गुण देईन. स्वराज द्वीपवरची वस्ती मुख्यतः पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांची आहे, गावांची गोविंदनगर, राधानगर, श्यामनगर ही नावेही त्यांच्याच भक्तीतून आलेली, आणि स्वयंपाकघरही साहजिकच बंगाली. सुरमई आमच्या घरी नित्याचीच, पण मोहरीच्या वाटणात शिजवलेली सुरमई आम्ही पहिल्यांदा खाल्ली. ह्यांना मोहरीचे तेल नाकाला झोंबते, म्हणून आचाऱ्याने दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी खोबरेल तेलात तुकडी तळून दिली. नाश्ता मात्र सामान्य: रोज पुरी-भाजी किंवा पावाचे भाजलेले तुकडे, आणि कॉफी तर नावालाच.

राधानगरचा किनारा पावसाळ्यात पाहावा की नाही, यावर मतभेद होऊ शकतात. २०२० मध्ये स्वच्छ किनाऱ्यांना दिले जाणारे 'ब्लू फ्लॅग' मानांकन मिळालेला हा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे जुलैच्या वाऱ्याला थेट सामोरा. छायाचित्रांतले निळेशार पाणी आम्हाला दिसले नाही. करड्या रंगाच्या, माणसापेक्षा उंच लाटा एकामागून एक येत होत्या, लाल निशाण लागलेले होते आणि गुडघाभर पाण्यात कोणी गेले तरी जीवरक्षक शिट्टी वाजवत. सूर्यास्त तर ढगांतच झाला. पण किनाऱ्यामागे उभ्या असलेल्या समुद्री मोहाच्या उंच झाडांखालून, जवळजवळ निर्मनुष्य वाळूवर आम्ही टोकाच्या अलीकडपर्यंत चालत गेलो, आणि हिवाळ्यात हे सुख मिळत नसावे. अगदी टोकाला जाऊ नये. मगरींविषयी इशारा देणारे फलक शोभेसाठी लावलेले नाहीत.

पाण्यातल्या खेळांचे कलम पावसाळ्यात जवळपास रिकामेच समजावे. एलिफंट बीचकडे जाणाऱ्या होड्या बंद होत्या आणि जंगलातली पायवाट चिखलाने भरलेली होती. स्कूबा डायव्हिंगच्या प्रशिक्षकाने मात्र चोख व्यवहार केला. त्याने पाण्यात उतरून पाहिले, गाळामुळे दोन-चार मीटरपलीकडे काही दिसत नाही असे सांगितले आणि "फोटोत फक्त तुम्हीच दिसाल, मासे नाही," असे म्हणून स्वतःहून पैसे परत केले.

संध्याकाळी सहाच्या सुमारास तिथे अंधारून येते, कारण घड्याळ भारतीय असले तरी सूर्य बेटांच्या रेखांशाप्रमाणे चालतो. उजाडतेही पहाटे पाचला. म्हणजे जोडप्यांच्या वाट्याला लांबलचक संध्याकाळ येते, आणि पाऊस असेल तर ती पूर्णपणे खोलीतली. चेन्नईहून टाकलेली समुद्राखालची केबल २०२० मध्ये सुरू झाल्यापासून इंटरनेट बरे चालते. तरी पत्ते आणि पुस्तके नेलेली बरी, कारण वीज जाते.

श्रीविजयपुरममध्ये भर पावसातही करण्याजोगे पुष्कळ आहे, आणि पॅकेजने मात्र त्यासाठी एक घाईची दुपार ठेवली होती. सेल्युलर जेलला निदान अर्धा दिवस द्यावा. १९०६ मध्ये बांधून पूर्ण झालेल्या या तुरुंगाच्या सात लांब इमारतींपैकी आता तीनच उभ्या आहेत, आणि त्या अशा रचलेल्या, की एका इमारतीच्या कोठड्यांच्या दारांसमोर दुसरीची पाठच यावी, म्हणजे कैद्यांना एकमेकांचे तोंड दिसू नये. स्वातंत्र्यवीर सावरकरांना इथे आणले ते १९११ च्या जुलैमध्येच, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या कोठडीपर्यंतच्या व्हरांड्यातून चालताना बाहेर त्याच महिन्याचा पाऊस कोसळत असतो. रत्नागिरीकराला सावरकर नव्याने सांगावे लागत नाहीत, तरीही कोलूपुढे आम्ही दोघे बराच वेळ उभे होतो. मार्गदर्शकाला पुढची गाडी गाठायची घाई होती, म्हणून आम्ही त्याला निरोप दिला आणि आपले आपणच फिरलो. ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम उघड्या अंगणात होतो, त्याचे तिकीट पावसाळ्यात आधीपासून काढून ठेवू नये. १८८३ पासूनची चॅथमची लाकूड गिरणी आणि मानववंशशास्त्राचे संग्रहालय ही दोन्ही ठिकाणे छपराखालची आहेत, आणि आमच्या कार्यक्रमपत्रिकेत त्यांपैकी एकही नव्हते.

घरी परतल्यावर मी कंपनीला सविस्तर पत्र लिहिले. बुडालेल्या रात्रीची भरपाई म्हणून त्यांनी पुढच्या सहलीसाठी सवलतीचे कूपन पाठवले आहे. त्यावरच्या बारीक अक्षरांतल्या अटीनुसार ते ऑक्टोबर ते मे या काळात चालत नाही.