एमएस्सी नर्सिंगनंतर शिकवायचं की पीएचडीला लागायचं?

जुन्या विद्यार्थिनी फोन करून हेच विचारतात, मॅडम आता कॉलेजला लागू की पीएचडी करू?

शिकवण्यात पगार लगेच सुरू होतो हे खरं, पण लोकांना वाटतं चार लेक्चर घेतले की झालं, तर तसं अजिबात नाही. सकाळी पोरींना घेऊन वॉर्डात क्लिनिकल पोस्टिंग, तिथे इंजेक्शन देताना मागे उभं राहायचं, दुपारी वर्ग आणि रात्री घरी केअर प्लॅनचा, म्हणजे पोरींनी लिहिलेल्या पेशंटच्या काळजीच्या आराखड्यांचा, गठ्ठा तपासायचा. नर्सिंग शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या इंडियन नर्सिंग काउन्सिलचा नियम 10 विद्यार्थ्यांमागे 1 शिक्षक असा आहे, कागदावर.

पीएचडीत उलटं, सुरुवातीची काही वर्षं हातात काहीच दिसत नाही. एथिक्स कमिटीची परवानगी, पेशंटची लेखी संमती, टूल, म्हणजे माहिती गोळा करायची प्रश्नावली वगैरे, तज्ज्ञांकडून तपासून घ्या, मग डेटा, मग स्टॅटिस्टिशियनच्या मागे फिरा. काउन्सिलचा बंगळुरूच्या राजीव गांधी आरोग्य विद्यापीठाबरोबर पीएचडीसाठी नॅशनल कन्सोर्टियम, म्हणजे देशपातळीवरचा एकत्रित कार्यक्रम, आहे, आपल्याकडे नाशिकचं आरोग्य विद्यापीठ आहेच. फक्त एक करा, एमएस्सीच्या थिसिससारखं 'अमुक विषयावरील ज्ञानावर शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता' परत नको, शिकवण्याआधी आणि नंतर चाचणी (प्री-टेस्ट पोस्ट-टेस्ट) घेऊन ज्ञान वाढतंच हो, पुढे वॉर्डात काय बदललं ते कोण बघणार?

माझं विचाराल तर आधी दोन-तीन वर्षं शिकवा, वॉर्डात पोरींबरोबर उभं राहिलं की प्रश्न आपोआप सापडतात, पडून राहून पेशंटला जखमा (बेडसोअर) का होतात, नाइटला नोंदी अर्धवट का राहतात. हां, घरी कर्जाचा हप्ता असेल तर पूर्णवेळ पीएचडीच्या नादी सध्या लागू नका.