अरानेट फोर: कॉन्फरन्सच्या बॅगेत असावा असा हवेचा मीटर

तळहातावर मावणारा हा कार्बन डायऑक्साइड मीटर घर-ऑफिससाठी म्हणून विकला जातो. आमच्या मते त्याचा खरा कस कॉन्फरन्समध्ये लागतो. दोन-तीन दिवस एका बंद हॉलमधून दुसऱ्यात जायचं, अनोळखी लोकांशी तासन्‌तास बोलायचं आणि आजारी न पडता परतायचं, तर कुठली खोली टाळावी हे कळायला हवं. ते नुसत्या डोळ्यांनी कळत नाही.

बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतो, तर आपल्या उच्छ्वासात सुमारे ४०,०००. म्हणून हॉलमध्ये आकडा १,२२० दिसला, की वाढलेले ८०० पीपीएम माणसांनीच सोडलेले. म्हणजे तुमच्या प्रत्येक श्वासातली सुमारे २ टक्के हवा कुणाच्या तरी फुफ्फुसातून आलेली असते. सर्दी, फ्लू, कोविडचे विषाणू याच हवेतून फिरतात. मीटर विषाणू मोजत नाही, वायुवीजन किती अपुरं आहे ते सांगतो.

यात एनडीआयआर सेन्सर आहे, तो अवरक्त प्रकाशाने प्रत्यक्ष कार्बन डायऑक्साइडच मोजतो. बरेच स्वस्त मीटर इतर वायूंवरून नुसता अंदाज बांधतात. सॅनिटायझरची बाटली उघडली तरी त्यांचा आकडा उसळतो. अशा कामासाठी ते अजिबात घेऊ नका.

मोजणीचं अंतर अॅपमधून १ मिनिटावर आणा. बॅटरी लवकर संपेल, पण दोन साधे एए सेल कुठेही मिळतात. दहा मिनिटांनी एकदा येणारा आकडा घरात चालेल. चाळीस मिनिटांच्या सत्रात त्याने काही ठरवता येत नाही. मीटर गळ्यात अडकवू नका, तुमचाच उच्छ्वास मोजला जाईल. बंद बॅगेतही नको, तिथे हवा खेळत नाही. टेबलावर, कुणाच्याही तोंडापासून निदान हातभर लांब ठेवा आणि पाच मिनिटं थांबा. दारातून शिरताच दिसणारा आकडा बाहेरच्या कॉरिडॉरचा असतो.

मग एका आकड्यापेक्षा त्याची चाल बघा. सत्र सुरू होताना ६०० आणि वीस मिनिटांनी ८०० वर स्थिर, तर हॉल उत्तम. ६०० वरून ११०० आणि अजून चढतोच आहे, तर पुढच्या अर्ध्या तासात हवा आणखी कोंदणार. खोली रिकामी असताना ९०० दिसत असेल, तर मागच्या सत्राची हवा अजून बाहेर गेलेली नाही. मोठ्या मुख्य हॉलपेक्षा कमी उंचीच्या छताची, गच्च भरलेली कार्यशाळेची खोली अनेकदा वाईट निघते. हवा चांगली असल्याचं सांगणारा मीटरचा हिरवा रंग थेट १,००० पर्यंत टिकतो, तो आम्हाला फार सैल वाटतो. ८०० ओलांडलं की एन९५ मास्क चढवा, नाकावरची पट्टी दाबून कडेने हवा सुटत नाही ना ते तपासा. दाढीवर मास्क नीट बसत नाही, हेही ध्यानात ठेवा.

मीटरच्या मर्यादा ओळखूनच तो वापरावा. हेपा फिल्टर विषाणूचे कण अडवतो, कार्बन डायऑक्साइड नाही. त्यामुळे फिल्टर चालू असलेल्या खोलीत आकडा चढा असूनही धोका कमी असू शकतो. विमानातही हेच लागू पडतं. उलट, आकडा ६०० असला तरी गोंगाटात कुणी वीतभर अंतरावरून मोठ्याने बोलत असेल, तर मीटरचा काही उपयोग नाही. तिथे त्या माणसाला घेऊन बाहेर मोकळ्यावर जाणं हाच उपाय. ज्यांच्याशी सविस्तर बोलायचंय त्यांच्या भेटी आधीच अंगणात, गच्चीवर किंवा चालता चालता ठरवा. बोलणंही तिथे नीट ऐकू येतं. रेकॉर्डिंग मिळणार असेल, तर कोंदट खोलीतलं सत्र बिनदिक्कत सोडून तो वेळ या भेटींना द्या. कॉन्फरन्सला जायचं ते माणसं भेटावीत म्हणूनच.

दोन त्रास आहेत. ई-इंक पडद्याला स्वतःचा प्रकाश नाही, त्यामुळे अंधाऱ्या हॉलमध्ये फोनवरच बघावं लागतं. आणि किंमत चढी आहे. वर्षातून एकच कॉन्फरन्स असेल तर सहकाऱ्यांनी मिळून एक घ्यावा. निघण्यापूर्वी मोकळ्या हवेत ठेवून आकडा ४२० च्या आसपास येतो का पाहा, फारच लांब असेल तर तिथेच कॅलिब्रेट करा, म्हणजे मीटर बाहेरच्या हवेशी पुन्हा जुळवून घ्या. सत्रात बसण्याआधी बझरही बंद केलेला बरा.