सागवानी बाकाला मरीन व्हार्निश
अंगणातल्या बाकाला यंदा मरीन व्हार्निश (बोटींच्या लाकडाला मारतात ते) मारलं, खूप आवडलं. आधीच्या साध्या व्हार्निशचे एका पावसाळ्यात पापुद्रे निघालेले, कारण लाकूड फुगतं-आकसतं आणि साधं व्हार्निश कडक असल्यामुळे तडकतं, हे मरीनवालं जरा लवचिक राहतं. फक्त डबा जोरात हलवू नका हां, काडीने हळू ढवळा, नाहीतर बुडबुडे तसेच वाळतात. पहिला हात टर्पेंटाईन घालून पातळ, मग दरवेळी नीट वाळू द्यायचं, ३२० नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवायचा, धूळ पुसायची आणि पुढचा हात, असे आम्ही चार मारले, आता बोट फिरवलं की काचेसारखं गुळगुळीत लागतं. वाळायला मात्र फार वेळ घेतं, भर उन्हात तर मारूच नका.