सुरीचे ब्लँक: वॉटरजेटवर कापून घ्यायचे की लेझरवर?

एक-दोनच सुऱ्या करायच्या असतील तर या भानगडीत पडूच नका, स्टीलच्या पट्टीवर आकार मारा, अँगल ग्राइंडरने कापा आणि बेल्ट ग्राइंडरवर आकारात आणा. एकाच डिझाइनचे दहा-पंधरा ब्लँक (सुरीच्या आकारात कापलेले, अजून धार न लावलेले तुकडे) लागणार असतील तर मात्र बाहेरून कापून घेणं परवडतं, आणि मग वॉटरजेट की लेझर हा प्रश्न येतो.

लेझर फास्ट आहे, पातळ पत्र्याला स्वस्त पडतो. पण ईएन-31 किंवा डी2 सारखं कडक करता येणारं सुरीचं स्टील असेल तर कापताना कडेला उष्णता लागते आणि कड टणक होते. धारेच्या बाजूला एवढं टेन्शन नाही, तो भाग ग्राइंडिंगमध्ये तसाही जातो. खरी वाट लागते मुठीच्या पिनांच्या भोकांची, आतली कड कडक झालेली असते त्यामुळे साधा एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिल नुसता घासत बसतो आणि रीमरची (भोक नेमक्या मापाला आणायचं हत्यार) पण धार जाते. म्हणून लेझरवर फक्त बाहेरचा आकार घ्या, भोकं स्वतः ड्रिल करा.

वॉटरजेटमध्ये साधारण 4,000 बार दाबाचं पाणी आणि गार्नेटची रेती, त्यामुळे कड जवळपास गरमच होत नाही, अॅनील केलेलं (तापवून, सावकाश थंड करून मऊ केलेलं) स्टील मऊच राहतं. वेळ जास्त लागतो, गार्नेट महाग, म्हणून रेट जास्त. कडेला थोडा टेपर येतो, म्हणजे कड जराशी तिरकी होते, पण 3-4 मिमीच्या फुल टँग (पात्याचं स्टील मुठीच्या टोकापर्यंत जाणाऱ्या) सुरीला तो बेल्टवर निघून जातो. फोल्डिंग सुरीचे पार्ट असतील तर तेवढ्या कडा स्लो स्पीडने कापायला सांगा. माझं मत विचाराल तर भोकं तयार हवी असतील तर वॉटरजेट, नाहीतर जास्तीचे पैसे कशाला घालवायचे.

पण वॉटरजेटचा फायदा फाइल नीट असेल तरच. डीएक्सएफ (ड्रॉइंगची फाइल) मिमीमध्ये, 1:1, सगळ्या लाइन बंद, आणि एकावर एक डबल लाइन राहिली तर मशीन तिथे दोनदा फिरतं. जेटच्या रुंदीचं ऑफसेट (जेट जेवढं स्टील खाते त्यासाठी रेघ सरकवणं) बहुतेक ठिकाणी ऑपरेटरच देतो, तुम्ही पण दिलंत तर माप बिघडणार, आधी विचारून घ्या. 5 मिमीची पिन असेल तर भोक 4.7 ठेवा आणि नंतर रीमर मारा. बाहेरच्या आकाराला अर्धा मिमी जास्त धरा. जेट आत घुसते ती जागा आणि ब्लँक खालच्या पाण्याच्या टाकीत पडू नये म्हणून ठेवलेला टॅब (न कापलेला छोटा जोड), दोन्ही मुठीच्या मागच्या टोकाला घ्या, धारेवर अजिबात नको. प्लेट वाकडी असेल तर आधी सरळ करा, नोझल वर फक्त 2-3 मिमीवर चालतं.

आणि हो, ब्लँक ओलेच हातात येतात, ईएन-31 असेल तर गंज चढायला एक रात्र पुरते. फडकं आणि तेल सोबतच न्या, तिथेच पुसून तेल लावून मग पॅक करा.