ब्राँझ की गोल्ड? इन्व्हर्टरच्या घरात एसएमपीएस निवडताना

५५० वॅटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) मागितला की दुकानदार दोन खोकी पुढे करतो: ८० प्लस ब्राँझ आणि ८० प्लस गोल्ड. ८० प्लस हा कार्यक्षमतेचा बिल्ला, त्यात गोल्ड ब्राँझच्या वरचा. माझ्याकडे दोन्ही आहेत आणि एकाच पीसीवर आलटून पालटून चालवलेत.

विजेचा हिशेब आधी उरकतो. अर्ध्या लोडला ब्राँझची कार्यक्षमता किमान ८५ टक्के, गोल्डची ९० (११५ व्होल्टवरच्या चाचणीत). मशीनला ३०० वॅट लागत असतील तर ब्राँझ भिंतीतून साधारण ३५३ वॅट ओढतो, गोल्ड ३३३. रोज पाच तास वापर धरला तर वर्षाकाठी ३६-३७ युनिटचा फरक. तेवढ्यात गोल्डची वरची किंमत वसूल व्हायला बराच काळ जावा लागतो.

गोल्डचं खरं सुख उन्हाळ्यात कळतं. अकोल्यात मे महिन्यात खोलीच भट्टी झालेली असते. तेव्हाही माझ्या गोल्डचा पंखा जेमतेम ऐकू येतो, ब्राँझ मात्र रेंडर (व्हिडिओ किंवा थ्रीडी चित्र तयार करायचं जड काम) लावलं की घरघर सुरू करतो. शिवाय उष्णता कमी म्हणजे आतले कपॅसिटर जास्त टिकणार. तापमान दर १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. इथवर गोल्डच सरस, यात वाद नाही.

पण आमच्याकडे लाईट जाते. ट्यूबलाईट मिचकावते, इन्व्हर्टरचा रिले ‘टक्’ वाजतो. तेवढ्या फटीत पीसी तगायला हवा. नुसतं टायपिंग चालू असेल तर दोन्ही तगतात. रेंडर चालू असेल तर गोल्डवर स्क्रीन काळी होते आणि बायोसचा लोगो येतो, म्हणजे पीसी रीस्टार्ट. तासाभराचं काम पाण्यात. त्याच मशीनवर, त्याच इन्व्हर्टरवर ब्राँझ मात्र काहीच न झाल्यासारखा चालत राहतो.

याचं कारण होल्ड-अप टाइम. वीज तुटल्यावर आतला मोठा कपॅसिटर साठवलेल्या ऊर्जेवर जेवढे मिलिसेकंद मशीन ओढतो, तेवढाच हा वेळ, आणि लोड वाढला की तो कमी होतो. एटीएक्सच्या (पीसीच्या एसएमपीएसचं मानक) जुन्या मार्गदर्शनात पूर्ण लोडला १६-१७ मिलिसेकंद अपेक्षित होते, एटीएक्स ३.० मध्ये ८० टक्के लोडला १७ आणि पूर्ण लोडला १२. इन्व्हर्टरला यूपीएस मोडवरही (झटपट बदलाची सेटिंग) बॅटरीवर जायला १० मिलिसेकंद किंवा थोडे जास्त लागू शकतात. म्हणजे हाताशी फारसं काही उरत नाही, त्यात कंपनीने कपॅसिटर लहान टाकला की संपलंच. आणि ८० प्लसचा बिल्ला हे तपासतच नाही. तो फक्त कार्यक्षमता आणि पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेपैकी किती खरोखर कामी येते) बघतो. १२ व्होल्टच्या लाईनवरचा रिपल (व्होल्टेजमधला बारीक चढउतार) १२० मिलिव्होल्टच्या आत आहे का, हेही त्यात येत नाही.

सगळे गोल्ड असेच असतात असं मी म्हणणार नाही. दमदार होल्ड-अपचे गोल्डही मिळतात, पण त्यांची किंमत आणखी वर जाते. तुमच्याकडे ऑनलाइन यूपीएस (लाईट जाताना फट पडू न देणारा) असेल किंवा लाईट क्वचितच जात असेल, तर गोल्ड खुशाल घ्या, शांतता मिळेल. इन्व्हर्टरवर भिस्त असेल तर मात्र मी स्वतः चांगल्या होल्ड-अपचा ब्राँझच घेईन. घेताना त्या मॉडेलच्या लोड-टेस्टमध्ये पूर्ण लोडचा होल्ड-अप आकडा शोधा. तो १६ मिलिसेकंदांच्या वर असेल, तर पंख्याची घरघर मला चालते.