फेंडर रंबल ५०० : एमआयडीसीतल्या गाळ्यात दोन महिने वाजवून

आधीच सांगतो, मी हौशी बेसवाला, म्हणजे बेस गिटार वाजवतो, आणि हा फेंडर रंबल ५०० म्हणजे माझ्या बेसचा आवाज मोठा करणारा ॲम्प. सोमवार ते शुक्रवार नोकरी आणि रविवारी सकाळी डोंबिवली एमआयडीसीतल्या एका गाळ्यात प्रॅक्टिस, तासावर भाडं. ड्रमर, ढोलकीवाला, एक गिटार, दोन गायक आणि कीबोर्डवर आमचे काका, जे बँकेतून रिटायर झालेत आणि ऑर्केस्ट्रात त्यांची जेवढी वर्षं गेलीत तेवढं आमच्या ड्रमरचं वयपण नाही. कोळीगीतांची मेडली, जुनी मराठी, थोडं हिंदी आणि गिटारवाल्याचा हट्ट म्हणून दोन रॉकची, असा सगळा मामला.

माझ्याकडे आधी १५ वॅटचा एक प्रॅक्टिस ॲम्प होता, नाव नाही घेत, घरात वाजवायला बरा होता बिचारा. पण ड्रमरनं किकवर, म्हणजे पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमवर, पाय ठेवला की तो गेला. मग मी व्हॉल्यूम फुल्ल करणार, मग स्पीकर फडफडणार, मग गिटारवाला विचारणार, "अरे हा तुझा आवाज आहे? मला वाटलं वरचा पंखा गेला." मी वाजवतोय की नाही हे फक्त माझ्या बोटांना ठाऊक. काकांनी यावर स्वतःचा उपाय काढला होता, डाव्या हातानं बेसच्या नोट्स तेच वाजवून टाकायचे. बोलायचे काही नाहीत, पण तो डावा हात मला कुठल्याही टोमण्यापेक्षा जास्त लागायचा.

तर शेवटी पैसे साठवून फेंडर रंबल ५०० घेतला. कॉम्बो आहे, म्हणजे ॲम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात, आत १० इंचाचे दोन स्पीकर आणि वर एक ट्वीटर, म्हणजे बारीक-तीक्ष्ण आवाजासाठीचा छोटा स्पीकर. वजन साडेसोळा किलो. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही आणि मी तिसऱ्या मजल्यावर राहतो, त्यामुळे मी दुकानात सगळ्यात आधी उचलूनच बघितला, वाजवायचं नंतर. एवढ्या ताकदीला एवढं कमी वजन कसं, तर आतला पॉवर सेक्शन क्लास डी आहे, म्हणजे हलक्या जातीचं सर्किट, जुन्या ॲम्पमध्ये असायचा तसला भलामोठा ट्रान्सफॉर्मर नाही. रिक्षात मागच्या सीटवर माझ्या बाजूला बसतो, बेस पायात उभा. जमतं.

आता त्या ५०० च्या आकड्याबद्दल, कारण यात बरेच जण फसतात. नुसता कॉम्बो वाजवला तर ५०० मिळत नाहीत, ३५० मिळतात. आतले स्पीकर मिळून ८ ओहम आहेत (ओहम म्हणजे स्पीकर विजेला करतो तो विरोध, तो कमी झाला की ॲम्प जास्त ताकद देतो), बाहेरून अजून एक ८ ओहमचा कॅबिनेट, म्हणजे नुसत्या स्पीकरचा खोका, जोडला की एकूण ४ ओहम होतात आणि तेव्हा पूर्ण ५०० बाहेर येतात. दुकानातला पोरगा "सर पाचशे वॅट, पाचशे वॅट" करत होता, हे नाही बोलला. पण त्यावरून जीव जाळण्यासारखंही काही नाहीये, ३५० आणि ५०० मध्ये फरक जेमतेम दीड डेसिबलचा. वॅट दुप्पट केले तरी तीनच डेसिबल वाढतात. बाहेरच्या कॅबिनेटचा खरा फायदा म्हणजे स्पीकर वाढतात, जास्त हवा हलते, आवाज त्याच्यामुळे भरतो.

पहिल्या रविवारी काय झालं ऐका. दुकानात मी कॉन्टूरचं बटण दाबून वाजवलं होतं आणि तिथे तो आवाज असला भारी वाटला की मी तिथेच पैसे काढले. खाली गडगडाट, वर चकाकी, एकदम सीडीवरचा आवाज. तीच सेटिंग घेऊन गाळ्यात गेलो, वन टू थ्री फोर, आणि मी गायब! अरे एवढे पैसे घालून परत गायब! बेसचं बटण वाढवलं तर खोली घुमायला लागली, खिडकीची काच थरथरतेय, पण नोट कुठली वाजतेय ते कळेना. ड्रमर बोलला, "आवाज येतोय भाई, पण गाणं कुठलंय?" डोक्याला शॉट.

घरी येऊन विचार केला तेव्हा झोल कळला. कॉन्टूर मधल्या फ्रिक्वेन्सी खाली ओढतो आणि खालच्या-वरच्या फुगवतो. एकट्यानं वाजवताना मस्त, पण बँडमध्ये खालचा मजला आधीच फुल्ल असतो. किक ड्रम तिथे, ढोलकीची धुम तिथे, काकांचा डावा हात तिथे. त्यात खुल्या ई तारेची मूळ फ्रिक्वेन्सी फक्त ४१ हर्ट्झ, ए ५५, तिथे आपला कान तसाही मंद. नोट कुठली ते कानाला जास्त करून तिच्या वरच्या हार्मोनिक्सवरून, म्हणजे त्याच नोटबरोबर वाजणाऱ्या वरच्या सुरांवरून, कळतं, आणि मी नेमकं तेच कापून बसलो होतो.

दुसऱ्या रविवारी कॉन्टूर बंद. ईक्यूला, म्हणजे खालचे-मधले-वरचे सूर कमीजास्त करायला, चार नॉब आहेत, बेस, लो मिड, हाय मिड, ट्रेबल. बेस अकरा वाजता, म्हणजे मधल्या खुणेच्या जरा मागे, लो मिड दोन वाजता, बाकी दोन्ही सरळ बारावर. एकट्यानं वाजवलं तर आवाज कसातरीच येतो, नाकातून बोलल्यासारखा. गाणं सुरू झालं की मात्र एकेक नोट सुटी ऐकू येते. त्या दिवशी मास्टर व्हॉल्यूम अर्ध्याच्याही खाली होता.

दुसरी गोष्ट ॲम्प ठेवायची. खोलीच्या कोपऱ्यात जमिनीवर ठेवला की भिंती आणि फरशी मिळून खालचा आवाज अजून फुगवतात, आणि स्पीकर असतो पोटऱ्यांच्या लेव्हलला, त्यामुळे तुम्हाला सोडून सगळ्यांना ऐकू येतो. मी गाळ्याच्या मालकाकडून दुधाचा एक प्लास्टिकचा क्रेट मागून घेतला, उलटा टाकला आणि भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे त्यावर ॲम्प चढवला. या फुकटच्या क्रेटनं जो फरक पडला तो बघून जरा वाईटच वाटलं, जुन्या ॲम्पला हा मान कधी दिलाच नव्हता.

आणि मग मेडलीत दुसऱ्या गाण्यावर जाताना मी काकांकडे बघितलं तर त्यांचा डावा हात मांडीवर होता. उजव्या हातानं तुकडे टाकतायत, डावा मस्त मांडीवर ठेका धरून. ब्रेकमध्ये चहा घेताना मला एवढंच बोलले, "बाळा, मधल्या म्युझिकला जरा लवकर शिरतोस तू." तीन वर्षांत पहिल्यांदा माझी चूक कोणाला ऐकू आली होती. मी खूश! ड्रमर मात्र नाराज, कारण आता त्याचा किक आणि माझी नोट कुठे चुकतेय तेपण उघडं पडायला लागलं, पहिले दोन रविवार आम्ही दोघं नुसते भांडलो.

स्टेजवर एकदाच नेलाय, ओळखीच्या एका सोसायटीच्या कार्यक्रमाला. मागे एक्सएलआर लाइन आउट आहे, माइकच्या केबलसारखी तीन पिनांची जागा, तिथून केबल सरळ मिक्सरला द्यायची आणि ॲम्प आपल्यापुरता मॉनिटर. केबल लावल्या लावल्या हूंऽऽऽ अशी घरघर. साउंडवाल्याचा लगेच सल्ला, "प्लगची अर्थची पिन काढा ना दादा." अजिबात नाही! मंडपातली वायरिंग, ओली जमीन, हातात लोखंडी तारा, असले प्रयोग करू नका रे. लाइन आउटच्या बाजूला ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते दाबलं की त्या केबलपुरता ग्राउंड लूप, म्हणजे दोन यंत्रांच्या अर्थमधून फिरणारा घरघरीचा प्रवाह, तुटतो आणि पॉवरचा अर्थ शाबूत राहतो. दाबलं, घरघर बंद. ज्यांच्याकडे हा ॲम्प आहे आणि हे बटण कशासाठी आहे माहीत नाही त्यांनी आज जाऊन मागे बघा.

बाकी पटपट. व्हिंटेजचं बटण मला आवडतं, जुन्या हिंदी-मराठी गाण्यांना तो गोलसर उबदार आवाज चपखल बसतो. ब्राइट कधी लागलं नाही. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे रॉकसारखा फाटका आवाज, फूटस्विचनं चालू-बंद करता येतो, पण मला त्याची गोडी नाही लागली, गिटारवाला मात्र त्यावर जाम फिदा. याला म्हणतात रक्तातच असणं, फेंडरनं १९५२ साली बासमन ॲम्प काढला तो बेससाठी आणि उचलला गिटारवाल्यांनी. ट्वीटरला बंद करायचा स्विच आहे तो मी बंदच ठेवतो, माझ्या तारा जुन्या आहेत आणि बोटं घासल्याचा आवाज मला नको. हेडफोन लावून रात्री बारा वाजता पण वाजवता येतं. घरच्यांच्या मते हे या ॲम्पचं एकमेव चांगलं फीचर.

घ्यावा का? ड्रमर जोराचा असेल, ढोलकी-ऑक्टोपॅड असेल तर हो, बिनधास्त. तुम्ही दोन-तीन जण बसून गिटार आणि कहोनवर (बसून हातानं वाजवायचा लाकडी खोका) वाजवता तर यातलाच रंबल १०० बघा, १२ इंचाचा एक स्पीकर, वजन दहाच किलो, तेवढ्यात भागतं. आणि दुकानात जाताना जमलं तर ड्रमरला बरोबर न्या, नाहीच तर मोबाइलवर स्वतःच्या बँडचं रेकॉर्डिंग लावून त्याच्यावर वाजवून बघा. एकट्यानं सगळेच ॲम्प भारी वाटतात.

आता एकच काम राहिलंय, पाऊस सुरू व्हायच्या आत कव्हर शिवून घ्यायचंय. स्टेशनजवळच्या बॅगवाल्याला विचारलं तर तो म्हणाला खोका घेऊनच या, मापावर माझा भरवसा नाही. म्हणजे परत तीन मजले.